अर्पाला स्वार्थी म्हणू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत रूथवर आलेला लेख वाचला. बायबलच्या जुन्या करारातल्या या चिमुकल्या पुस्तकाला मराठी वृत्तपत्रात पानभर जागा मिळाली याचा आनंद आहेच, आणि लेखकाने गोष्ट सांगितलीही ओघवती. पण लेखाचं तात्पर्य असं निघालं की रूथ ही आदर्श सून, तिची जाऊ अर्पा ही स्वार्थी, संकट दिसताच पाठ फिरवणारी. आणि आजच्या मुलींनी दोघींपैकी कुणाचा कित्ता गिरवायचा ते ठरवावं. हे वाचून गप्प बसवेना, कारण मी स्वतः अर्पा आहे. पहिला नवरा गेल्यावर सासूबाईंनी मला परत जायला सांगितलं आणि मी गेले. त्याबद्दल पुढे लिहितेच. आधी ग्रंथात काय आहे ते नीट बघू या, कारण लेखात त्यातला निम्मा भाग गळला आहे.

लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: शास्त्यांच्या काळात, म्हणजे इस्राएलात राजे येण्याआधी, बेथलेहेमात दुष्काळ पडतो. अलीमलेख आपली बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मवाबात जातो, म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या पठारावर. तिथे तो वारतो. मुलं मवाबी मुलींशी लग्नं करतात, एकीचं नाव अर्पा, दुसरीचं रूथ. दहाएक वर्षांत दोन्ही मुलंही जातात. घरात तीन विधवा उरतात. गावाकडे पुन्हा पीकपाणी झाल्याचं कानावर येतं तेव्हा नामी निघते, आणि दोघी सुना तिच्यासोबत निघतात. दोघी. अर्पाही घराबाहेर पडली होती, हे विसरू नये.

मग वाटेत नामी थांबते आणि म्हणते, पोरींनो, आपापल्या आईच्या घरी परत जा. मेलेल्यांशी आणि माझ्याशी तुम्ही जशा मायेने वागलात तशी माया परमेश्वर तुमच्यावर करो. तुम्हाला पुन्हा नवरा मिळो, त्याच्या घरी विसावा मिळो. ती दोघींचे मुके घेते आणि तिघी मोठ्याने रडतात. यावर दोघीही म्हणतात, नाही, आम्ही तुमच्याबरोबर तुमच्या लोकांत येणार. म्हणजे अर्पाही पहिल्यांदा 'नाही'च म्हणाली होती. नामी पुन्हा सांगते, परत जा. पोटात अजून मुलं आहेत का माझ्या, की ती तुमचे नवरे होतील? तिसऱ्यांदा सांगते, जा, मी म्हातारी झाले. आज रात्री नवरा केला आणि मला मुलं झाली, तरी ती मोठी होईपर्यंत तुम्ही थांबाल का? या प्रश्नामागे त्या समाजातली रीत आहे: भाऊ निपुत्रिक मेला तर दुसऱ्या भावाने त्याच्या विधवेशी लग्न करायचं. तीही वाट बंद आहे, एवढं ती त्यांना पटवून देते. पुन्हा रडारड होते. मग अर्पा सासूचा मुका घेऊन परत फिरते, आणि रूथ तिला बिलगून राहते.

पहिल्या अध्यायात अर्पाबद्दल एवढंच आहे. तीनदा सांगितल्यावर, रडून, मुका घेऊन ती गेली. लेखकमहाशयांनी लावलेलं 'स्वार्थी' हे विशेषण मूळ ग्रंथात कुठे आहे ते त्यांनी दाखवावं. दोघींनी मायेने वागवलं अशी साक्ष नामीने दिली आहे, आणि ती देताना दोघींत डावंउजवं केलेलं नाही.

आता नामीच्या आशीर्वादाकडे बघा, कारण मला तरी या पुस्तकाचा आत्मा तिथे दिसतो. ती परमेश्वराचं नाव घेऊन सुनांना मवाबात परत पाठवते. मवाबाचा देव कमोश. १८६८ मध्ये जुन्या मवाबातल्या धिबान इथे मेशा राजाचा शिलालेख सापडला, आज तो पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला हा राजा त्यात सांगतो की कमोश आपल्या देशावर रागावला म्हणून इस्राएलाने मवाबाला छळलं, आणि मग कमोशानेच सोडवलं. म्हणजे तिथे दुसऱ्या देवाचा अंमल, दुसऱ्याची देवळं. एवढं असून नामीला वाटतं की आपला परमेश्वर या पोरींचं तिकडेही भलं करू शकतो. त्याची माया बेथलेहेमच्या शिवारापुरती आहे असं ती धरून चालत नाही. अर्पा आपल्या लोकांकडे आणि आपल्या देवांकडे गेली, हे ती रूथला सांगते तेसुद्धा नाक न मुरडता, आणि वर म्हणते, तूही तिच्यामागे जा. हे तिने कुठल्या मनःस्थितीत म्हटलं? नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, परमेश्वराचा हात आपल्यावर उठला आहे असं ती त्याच दमात म्हणते आहे. स्वतःसाठी तिला देवाकडून काही उमेद नाही. सुनांसाठी मात्र मागते आहे, आणि मागते काय, तर दुसरा नवरा!

निष्ठेवर लिहिताना आपण नेहमी खालून वर बघतो: सुनेने सासूशी, मुलाने बापाशी. पण या पुस्तकातली निष्ठेची पहिली कृती सासूची आहे. दोन तरण्या मुली सोबत असणं हा तिचा एकुलता एक आधार होता. काळ कसला होता ते शास्ते पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत वाचावं. बेथलेहेमच्याच एका बाईची तिथे जी गत होते ती वाचताना आजही पोटात कालवतं, आणि ते पुस्तक संपतं ते 'ज्याला जे बरं वाटे ते तो करी' या शेऱ्यावर. आपल्या ख्रिस्ती पवित्र शास्त्रात रूथचं पुस्तक नेमकं त्याच्यानंतर येतं. अशा काळात मवाबाच्या पठारावरून यार्देन नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीच्या बऱ्याच खाली उतरायचं आणि मग यहूदाच्या डोंगरांत बेथलेहेमपर्यंत चढायचं, ही वाट एकट्या म्हातारीने धरायची ठरवली. सुनांच्या अंगावर आपलं ओझं नको म्हणून.

हे मला कुणी समजावलं ते सांगते. माझा पहिला नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत आजाराने गेला. मूलबाळ नव्हतं. घरात सासूबाई आणि मी. भेटायला येणारी माणसं मला बघून म्हणायची, 'आता हिलाच तुमची रूथ व्हायचंय.' एका संध्याकाळी घरी प्रार्थनेला आलेले पाळकसाहेबही तेच बोलले. मनाने भलाच माणूस होता. सगळे आमेन म्हणाले, सासूबाई म्हणाल्या नाहीत. मंडळी गेल्यावर त्यांनी कपाटातून पवित्र शास्त्र काढलं आणि रूथचा पहिला अध्याय मला मोठ्याने वाचायला लावला. स्वतः चष्मा पुशीत बसल्या. आठवं वचन आलं तसं म्हणाल्या, 'थांब. नामी काय म्हणते? परत जा म्हणते ना? मग हे सगळे पुढचंच का वाचतात?'

मी रडले, भांडले, नाही म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. माझ्या वडिलांना पत्र त्यांनीच लिहिलं. निघायच्या दिवशी माझी शिक्षणाची प्रमाणपत्रं एका पाकिटात घालून बॅगेत सर्वांत वर ठेवली आणि म्हणाल्या, 'कुणी विचारलं तर सांग, म्हातारीने हाकललं.' पुढे माझं दुसरं लग्न झालं तेव्हा त्या आल्या, अगदी पुढच्या बाकावर बसल्या, आणि माझ्या नवऱ्याला त्यांनी मुलगा म्हटलं. त्यांचं शेवटचं आजारपण माझ्या नणंदेने काढलं. मी जाऊन-येऊन होते. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, आणि नणंदेच्या सेवेपुढे मी मान तुकवते ती मनापासून. दोन्ही एकदम खरं असू शकतं. रूथच्या पुस्तकात ते तसंच आहे.

मग रूथचं काय? ती थोर आहेच. पण तिच्या थोरपणाला 'आज्ञाधारक सून' हे नाव देणं म्हणजे पुस्तक बंद करून बोलणं झालं. आज्ञा तर अर्पाने पाळली. सासू जा म्हणाली, ती गेली. रूथने चक्क अवज्ञा केली. मला सोडून जा असा आग्रह धरू नका म्हणाली. तुम्ही जाल तिथे मी येईन, राहाल तिथे राहीन, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. तुम्ही मराल तिथेच मी मरेन आणि तिथेच मला मूठमाती मिळेल. पुढे शपथ घेते ती परमेश्वराचं नाव घेऊन, कमोशाचं नाही. यानंतर ग्रंथात काय आहे माहीत आहे? नामी तिच्याशी बोलायची थांबली. 'बरं झालं गं बाई' नाही, मिठी नाही, अश्रू नाहीत. पोरगी हट्टाला पेटली आहे हे पाहून म्हातारी गप्प झाली, आणि दोघी चालू लागल्या. लेखात मात्र 'सासूने तिला हृदयाशी धरले' असं आहे. लेखकाने ते कुठून आणलं कळत नाही.

जाता जाता एक. रूथचे हे शब्द आपल्याकडे लग्नांत हमखास वाचतात, नवरीने नवऱ्याला म्हटल्यासारखे. मी बसल्या जागी हसू दाबते. ते एका विधवेने दुसऱ्या विधवेला म्हटलेले शब्द आहेत, आणि ज्या नवऱ्यामुळे नातं जुळलं तो तेव्हा मवाबाच्या मातीत पुरलेला आहे. नातं टिकवण्याची सगळी कारणं संपल्यावर उच्चारलेलं हे वाक्य आहे. वारसा नाही, मूल नाही, कायदा बांधत नाही, सासू स्वतः मोकळं करते आहे. म्हणून तर त्याला वजन. दार उघडं होतं, अर्पा त्यातून गेली हे रूथने डोळ्यांनी पाहिलं आणि मग ती थांबली. अर्पा गेलीच नसती, किंवा जाणारीला गावभर शिव्या बसल्या असत्या, तर रूथचं थांबणं म्हणजे निव्वळ अडकणं ठरलं असतं. अशा अडकलेल्या सुना आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांना रूथ म्हणून त्यांचं कौतुक करणारेही.

बेथलेहेमात पोचल्यावरचा प्रसंग मला सगळ्यांत जिवाला लागतो. गाव गोळा होतं. बायका म्हणतात, ही नामी का? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, 'मारा' म्हणजे 'कडू' म्हणा, कारण सर्वसमर्थाने माझ्या आयुष्याचं कडू केलं. मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणली. रिकामी! आणि शेजारी रूथ उभी. जिने आई-वडील, गाव, देव सगळं सोडलं ती मुलगी तिथेच उभी राहून हे ऐकते आहे. तिने काही म्हटल्याचं ग्रंथात नाही. 'आणि मी कोण?' असं विचारायचा तिला पुरेपूर हक्क होता. मला वाटतं, बिलगून राहण्याची शपथ घेणं एक वेळ सोपं असेल. हे एक वाक्य गिळणं त्याहून कठीण.

आणखी एक गोष्ट तिथे घडत नाही. नामी देवावर उघड आरोप करते आणि कुणीही तिला गप्प करत नाही. देवाची इच्छा म्हणा, धीर धरा, श्रद्धा ठेवा, असं एकही बाई म्हणत नाही. देवही आकाशातून खुलासा करत नाही, जुन्या करारातल्या दुःखी ईयोबाच्या वाट्याला आला तसा वावटळीतला आवाज इथे नाही. अध्याय संपतो तो शेतीच्या बातमीने: सातूच्या कापणीला नुकती सुरुवात झाली होती. दुःखी माणसाजवळ कसं बसावं हे मी या चार ओळींतून शिकले.

आता देव या पुस्तकात आहे तरी कुठे? सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव आहे. अलीमलेखाचा नातेवाईक बवाज, ज्याच्या शेतात रूथ पडलेली कणसं वेचायला जाते, कापणीवाल्यांना रामराम करावा तसा 'परमेश्वर तुमच्याबरोबर असो' म्हणत शेतात शिरतो. पण देवाने स्वतः काही केलं असं निवेदक फक्त दोनदा सांगतो: सुरुवातीला त्याने आपल्या लोकांना अन्न दिलं, आणि शेवटी रूथला गर्भ राहू दिला. मधल्या सगळ्या भागात चमत्कार नाही, देवदूत नाही, स्वप्न नाही, संदेष्टा नाही. जे काही होतं ते माणसं करतात, आणि एका कायद्याच्या आधाराने करतात. जुन्या करारातल्या 'लेवीय' आणि 'अनुवाद' या दोन्ही पुस्तकांत तो आहे: शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, गळालेली कणसं वेचायला मागे फिरू नका, विसरलेली पेंढी आणायला जाऊ नका, ते उपऱ्याचं, अनाथाचं, विधवेचं. रूथ एकाच वेळी उपरीही आणि विधवाही. ती सरवा वेचायला जाते ती कुणाच्या दयेवर नव्हे, तर त्या हक्कावर. तरी आधी परवानगी विचारते, आणि सकाळपासून उभी असते असं मुकादम सांगतो.

कायदा एवढंच म्हणतो की पडलेलं उचलू द्या. बवाज त्याच्या पुढे जातो. गड्यांना सांगतो, हिला हात लावायचा नाही. तहान लागली तर पोरांनी भरून ठेवलेलं पाणी पी म्हणतो. जेवायच्या वेळी जवळ बोलावतो, भाकर शिरक्यात बुडवून खा म्हणतो, भाजलेलं धान्य तिच्या हातात देतो. तिचं पोट भरून उरतं. मग तिच्या माघारी गड्यांना बजावतो, मुठीतून थोडी कणसं मुद्दाम गळू द्या, आणि तिला लाजवू नका. देणाऱ्याने देताना घेणारीची मान खाली जाणार नाही याची काळजी घेतली. संध्याकाळी तिने झोडून काढलेलं सातू एफाभर भरलं, म्हणजे साधारण २२ लिटरचं माप. एका दिवसाच्या सरव्याला हे फार झालं. सासूसमोर ती ते ओतते, आणि मग दुपारच्या जेवणातलं जे राखून ठेवलं होतं तेही काढून देते. शेतात परक्या माणसांसमोर जेवताना, भूक लागलेली असताना, तिला घरच्या म्हातारीची आठवण होती. मला शपथेपेक्षा हा राखलेला घास जास्त खरा वाटतो. आणि नामीची जीभ इथेच सैल होते. ज्याने जिवंतांवर आणि मेलेल्यांवर माया सोडली नाही तो धन्य, असं ती म्हणते. देवावर रुसलेल्या बाईच्या तोंडी पुन्हा आशीर्वाद आला तो बावीस लिटर सातू आणि मूठभर भाजलेलं धान्य पाहून. प्रवचनं ऐकून नव्हे.

भाकर आणि पाणी यावर थोडं अडखळावं. अनुवादाच्या २३व्या अध्यायात मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत येऊ देऊ नये असा कडक नियम आहे. कारण काय दिलं आहे? इस्राएल मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघून वाटेत होता तेव्हा या लोकांनी भाकर आणि पाणी घेऊन भेट घेतली नाही. आणि इथे बेथलेहेमचा एक प्रतिष्ठित शेतकरी मवाबी मुलीला पाणी देतो आहे, भाकर देतो आहे. जुन्या वैराचं माप त्याने उलट्या बाजूने फेडलं. पुढे यहुदी धर्मपंडितांनी मिश्नात, म्हणजे आपल्या नियमांच्या जुन्या संग्रहात, निर्णयच दिला की ही बंदी मवाबी पुरुषांना आहे, बायकांना नाही. नाहीतर रूथचा पणतू दावीद राजालाच मंडळीबाहेर बसवावं लागलं असतं!

या पुस्तकावरच्या प्राचीन मिद्राशात, म्हणजे यहुदी भाष्यात, रब्बी (धर्मगुरू) झेइरा विचारतात, यात शुद्ध-अशुद्ध नाही, विधिनिषेध नाही, मग हे लिहिलं कशाला? उत्तरही तेच देतात: दयेने वागणाऱ्यांना केवढं चांगलं फळ मिळतं ते शिकवायला. आणि यहुदी लोक हे पुस्तक वाचतात ते शावुओत सणाला, वल्हांडण सणानंतर सात आठवड्यांनी, गव्हाच्या कापणीच्या दिवसांत. सीनाय डोंगरावर नियमशास्त्र मिळाल्याचा हाच सण. ज्या दिवशी कायदा मिळाला त्या दिवशी कायद्याच्या पलीकडे गेलेल्या तीन माणसांची गोष्ट वाचायची. ज्याने कुणी ही सांगड घातली त्याला माझा नमस्कार.

पुढे नामी रूथला रात्री बवाजच्या खळ्यावर पाठवते. ती रात्र लेखकाने दोन ओळींत उरकली; समजू शकते, पुरवणी घरातली मुलंही वाचतात. पण त्यात एक महत्त्वाचं निसटलं. शेतात बवाजने रूथला आशीर्वाद दिला होता की ज्याच्या पंखांखाली तू आसऱ्याला आलीस तो इस्राएलाचा देव तुला भरपूर वेतन देवो. खळ्यावर अंधारात रूथ त्याला म्हणते, आता तुम्हीच तुमचं पांघरूण माझ्यावर घाला, तुम्ही आमचं वतन सोडवणारे आप्त आहात. म्हणजे माझ्याशी लग्न करा, मेलेल्या नातेवाइकाची जमीन आणि घर सावरण्याचा हक्क तुमचा आहे. देव तुझं भलं करो म्हणालास ना, मग उठ आणि कर. सासूने तिला सांगितलं होतं की तो काय करायचं ते सांगेल. इथे हीच त्याला सांगते आहे. आज्ञाधारकपणाचं हे दुसरं उदाहरण! तोंडभर आशीर्वाद देऊन घरी जाणाऱ्या आम्हा धार्मिक माणसांना ही मुलगी मोठी अडचणीची आहे.

दुसऱ्या दिवशी वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर निवाडा होतो. बवाजपेक्षा जवळचा एक नातेवाईक असतो. अलीमलेखाची जमीन घ्यायला तो तयार, पण सोबत रूथला घ्यावं लागेल म्हटल्यावर आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणतो आणि वहाण काढून देऊन हक्क सोडतो. या गृहस्थाचं नाव ग्रंथकाराने लिहिलं नाही. बवाज त्याला 'अरे अमक्या' म्हणून हाक मारतो. माझ्या मते ज्याला दोष द्यायचा होता त्याचं नाव या लेखकाने पुसलं. अर्पाचं नाव मात्र त्याने ठेवलं, आणि शेवटच्या अध्यायात वेशीतल्या लोकांसमोर तिच्या नवऱ्याचं नावही पुन्हा घेतलं आहे. अर्पा त्याला तिरस्करणीय वाटली असती तर तीही 'अमकी' झाली असती.

अर्पाची बदनामी पुढच्या काळातली. तालमूदात, म्हणजे यहुदी पंडितांच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, तिला गल्याथ राक्षसाची पूर्वज ठरवलं आहे, म्हणजे दावीद-गल्याथ लढाई ही दोन जावांच्या वंशांची लढाई! गंमत अशी की त्याच चर्चेत राबा नावाचे पंडित म्हणतात, सासूसाठी तिने चार अश्रू गाळले म्हणून तिच्या पोटी चार योद्धे निपजले. दोष देणाऱ्यांनाही तिच्या अश्रूंचा हिशेब ठेवावासा वाटला. आपल्या लेखकाने तेवढंही केलं नाही.

शेवटी रूथला ओबेद होतो, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद. शेजारणी नामीला म्हणतात, तुझ्यावर प्रेम करणारी ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. आणि बाळाचं नावही त्या शेजारणीच ठेवतात. रिकामी आले म्हणणाऱ्या बाईला उत्तर मिळालं ते एवढ्या उशिरा आणि गावच्या बायकांकडून. एक तपशील मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, म्हणून मुद्दाम लिहिते. 'पहिला शमुवेल' या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला आहे. दावीद रानोमाळ पळतो आहे, आणि म्हाताऱ्या आई-बापांना कुठे ठेवावं हा प्रश्न आहे. तो त्यांना घेऊन मवाबाच्या राजाकडे जातो आणि म्हणतो, देव माझं काय करतो ते कळेपर्यंत यांना इथे राहू द्या. मवाबात, पणजीच्या देशात. तिथल्या कुणाशी काही नातं उरलं होतं का, ग्रंथ सांगत नाही. पण इशायला तिथे थारा मिळाला, हे लिहिलेलं आहे. ज्या देशाकडे अर्पा परत गेली तो देश या घराण्याच्या लेखी टाकाऊ नव्हता.

लेखकावर माझा राग नाही. त्यांनी पुढे यावर आणखी लिहावं. फक्त एक विनंती आहे: पुढच्या पुरवणीत रूथच्या पहिल्या अध्यायातली ८ ते १४ ही वचनं जशीच्या तशी छापावीत, वर मथळा किंवा खाली टिप्पणी न देता. सात वचनं आहेत, चौकटीत सहज मावतील. वाचक अर्पाला काय म्हणायचं ते स्वतः ठरवतील.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये, ही विनंती. सासरची दोन्ही घरं आपला अंक घेतात.)